बॅटरी गेली म्हणजे लॅपटॉप गेला, असं नाही!



गेल्या महिन्यात इंदूरहून माझ्या मावशीचा फोन आला. ती आठवी-नववीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. म्हणाली, "अगं, लॅपटॉपचा टचपॅड दाबलाच जात नाहीये. वर आल्यासारखा वाटतोय. काल रात्री त्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून झोपले, म्हटलं सकाळपर्यंत बसेल खाली."

मी जवळजवळ ओरडलेच, "मावशी, आधी तो शब्दकोश उचल! आणि चार्जर काढ!"

बिचारीला कळेना की एवढं काय झालं. टचपॅडच्या खालीच तिच्या लॅपटॉपची बॅटरी होती आणि ती फुगली होती. म्हणजे रात्रभर ती एका फुगलेल्या बॅटरीवर दोन-अडीच किलोचं वजन ठेवून, शेजारच्या खोलीत झोपली होती. सुदैवाने काही झालं नाही. पण त्या फोनमुळे मला आजचा विषय मिळाला.

तुमच्याही घरात असा एखादा लॅपटॉप नक्की असेल. चार्जर काढला की दोन मिनिटांत बंद पडणारा, किंवा बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालणारा. लॉकडाऊनच्या काळात मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले कितीतरी लॅपटॉप आता याच वयात आलेत. नवीन घ्यायचा तर खिशाला चाट. जुना टाकवत नाही, कारण बाकी सगळं नीट चालतंय. मग असा लॅपटॉप वापरावा का? वापरावा, जरूर वापरावा. फक्त आपल्या बॅटरीला नेमकं काय झालंय, हे आधी ओळखता आलं पाहिजे.

थकलेली, मेलेली आणि फुगलेली

आपण सरसकट "बॅटरी गेली" म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली थकलेली बॅटरी. पूर्वी चार तास चालायची, आता पाऊण तास चालते. हे म्हातारपण आहे. लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि ती साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाली की तिची ताकद बरीच उतरते. काही महागड्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या १,००० वेळांपर्यंत टिकतील अशा बनवलेल्या असतात. पण म्हातारपण कुणाला चुकत नाही.

दुसरी मेलेली बॅटरी. चार्जर काढला की लॅपटॉप क्षणात बंद. स्क्रीनवर कधी "बॅटरी बदला" असा इशारा येतो, कधी चार्जिंगचा आकडा शून्यावरून हलत नाही.

तिसरी फुगलेली बॅटरी. ही धोकादायक आहे. गंमत म्हणजे फुगलेली बॅटरी कधीकधी व्यवस्थित चालतही असते. मावशीची दीड तास टिकत होती! म्हणूनच "चालतेय ना, मग ठीक आहे" हा हिशोब इथे लागू पडत नाही.

थोडक्यात, थकलेल्या आणि मेलेल्या बॅटरीसोबत थोडी काळजी घेऊन राहता येतं. फुगलेल्या बॅटरीसोबत एक दिवसही राहायचं नाही.

घरच्या घरी तपासणी

यासाठी कुठलंही हत्यार लागत नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तो सपाट टेबलावर किंवा ओट्यावर ठेवा. आता बघा:

- चारही पाय टेबलाला टेकतात का, की लॅपटॉप डुगडुगतो?
- टचपॅड वर आलाय का? क्लिक करायला जड जातंय का?
- कीबोर्ड मधोमध उचलल्यासारखा दिसतो का?
- झाकण पूर्ण बंद होतं का? कडेला नवी फट पडली आहे का?
- नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर, उग्र वास येतोय का?

यातलं एकही उत्तर खटकलं, तर बॅटरीवर संशय घ्यायचा.

हे फुगणं होतं कशामुळे? आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरीचे सेल चपट्या, सीलबंद पिशवीत असतात. जास्त उष्णता, वय किंवा आतला बिघाड यामुळे आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून पिशवी फुगते. घट्ट झाकणाच्या डब्यात इडलीचं पीठ ठेवलं तर ते आंबून झाकण उचलतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे आत पेट घेणारं रसायन असतं.

जुन्या, जाड लॅपटॉपमध्ये मागून खटका सरकवून निघणारी बॅटरी असायची. तिच्या आत बहुतेक वेळा गोल, धातूचे सेल असतात, आपल्या पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे. ते असे डोळ्यांना दिसेल इतके फुगत नाहीत. तिथे आवरण वाकलंय का, खाचेतून बॅटरी काढताना अडकते का, गळती दिसते का, चार्जिंगला हात लावता येणार नाही इतकी तापते का, हे बघायचं.

बॅटरी फुगलेली नसेल तर ती किती थकली आहे हेही मोजता येतं. विंडोजमध्ये शोधपट्टीत "कमांड प्रॉम्प्ट" शोधून उघडा. त्यात इंग्रजीत "पॉवरसीएफजी" हा शब्द टाइप करा, म्हणजे पॉवरचं नेहमीचं स्पेलिंग आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही तीन अक्षरं. मग एक स्पेस, मग फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला जोडून "बॅटरीरिपोर्ट" हा एकच शब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली आहे हेही तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात "डिझाइन कपॅसिटी" म्हणजे बॅटरी नवी असतानाची ताकद आणि "फुल चार्ज कपॅसिटी" म्हणजे आजची ताकद. समजा पहिला आकडा ४१,००० आहे आणि दुसरा १६,४००, तर बॅटरीत फक्त ४० टक्के जीव उरलाय. मॅकबुक असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये "बॅटरी" या भागात बॅटरीची तब्येत थेट लिहिलेली असते.

फुगली असेल तर

लॅपटॉप बंद करा. चार्जर भिंतीतून काढा. त्यानंतर तो पुन्हा चार्जिंगला लावू नका, "फक्त फोटो कॉपी करून घेतो" म्हणूनसुद्धा नाही. हार्ड डिस्कमधला डेटा कुठे पळून जात नाही. बॅटरी काढल्यावर तो आरामात मिळतो.

लॅपटॉप अशा जागी ठेवा जिथे आजूबाजूला पडदे, गादी, कागद नाहीत. फरशीवर, सावलीत, हवेशीर. बंद कपाटात नको, उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको. आणि मग तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा भरवशाच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. नेताना गच्च भरलेल्या बॅगेत कोंबू नका, हातात सपाट धरून न्या. कुरिअरने पाठवायचा विचार असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

काय करायचं नाही? दाबायचं नाही. सुई टोचून "हवा काढायची" नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतः उचकटायचं नाही. पिशवीला भोक पडलं की आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात आणि काही सेकंदांत आग लागू शकते.

फस्स असा आवाज आला किंवा धूर दिसला तर लॅपटॉप वाचवायला धावू नका. घरातल्या सगळ्यांना त्या खोलीतून बाहेर काढा, दार ओढून घ्या, सहज शक्य असेल तर मेन स्विच बंद करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तो धूर विषारी असतो. आणि प्लगमध्ये असलेल्या लॅपटॉपवर पाणी ओतायचं नाही.

"आमचा तर चांगल्या कंपनीचा आहे" असं म्हणून निर्धास्त राहू नका. २००६ मध्ये डेलने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१९ मध्ये अ‍ॅपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या एका मॉडेलच्या बॅटऱ्या तापण्याच्या धोक्यामुळे मोफत बदलून दिल्या. त्यामुळे बॅटरीवर संशय आला की कंपनीच्या वेबसाइटवर आपला सिरीयल नंबर टाकून बघा. कधीकधी नवी बॅटरी फुकटात मिळून जाते.

फक्त थकली असेल तर काढू नका

बरेच जण इथे घाई करतात. बॅटरी पंधरा मिनिटंच टिकते म्हणून ती काढून कपाटात टाकतात आणि लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवतात. पण न फुगलेली, न तापणारी बॅटरी पाच मिनिटं जरी टिकत असली तरी ती लॅपटॉपमध्येच राहू द्या. लाइट गेली, कुणाचा पाय वायरमध्ये अडकला, तर तीच पाच मिनिटं तुमचं काम वाचवतात. फुकटचा छोटा यूपीएसच समजा.

"चार्जर सतत लावून ठेवला तर ओव्हरचार्ज होईल का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. लॅपटॉपचं सर्किट बॅटरी भरली की चार्जिंग थांबवतं. त्यामुळे त्या अर्थाने ओव्हरचार्ज होत नाही. पण बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर थकते. यावर उपाय सोपा आहे. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंग अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. लॅपटॉप दिवसभर टेबलावरच असेल तर ती सुरू करा. आणि गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालच्या जाळ्या बंद होतात आणि सगळी उष्णता आतच कोंडते.

बॅटरी काढायची कशी

मागून खटक्याने निघणारी बॅटरी असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी लॅपटॉप शट डाउन करा. मग चार्जर काढा. मग बॅटरी काढा. पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. आता चार्जर लावा आणि सुरू करा. लॅपटॉप चालू असताना बॅटरी ओढून काढायची नाही, भले व्हिडिओत कुणी काढून दाखवू दे.

बॅटरी काढल्यावर रिकाम्या खाचेत धातूच्या पट्ट्या उघड्या दिसतात. तिथे पिना, नाणी, धूळ, चहाचे थेंब जाऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर विशेष जपा, कारण त्यांना प्रत्येक खाचेत काहीतरी घालून बघायचं असतं. बॅटरीशिवाय लॅपटॉप मागे कलत असेल तर साधा स्टँड वापरा, खाली फडकं किंवा वर्तमानपत्र कोंबून हवा अडवू नका.

आत स्क्रूने बसवलेली बॅटरी असेल तर ते काम दुरुस्तीवाल्याचं. मावशीच्या बाबतीत तेच झालं. त्याने मागचं कव्हर उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला, बॅटरी बाहेर घेतली आणि चार्जर लावून लॅपटॉप चालू करून दाखवला. नवी बॅटरी यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर क्लास बंद ठेवायची गरज पडली नाही.

पण हे प्रत्येक मॉडेलमध्ये चालत नाही. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. काही सुरू होतात पण मंद चालतात. मावशीचाही मंदावला आणि ती म्हणाली, "याने आतलं काहीतरी बिघडवलं!" तसं नव्हतं. लॅपटॉपवर अचानक जास्त भार आला, म्हणजे व्हिडिओ कॉल आणि जोडीला दहा टॅब, की तो चार्जरसोबत बॅटरीतूनही थोडी वीज घेतो. बॅटरी नसेल तर चार्जरवरचा ताण वाढून लॅपटॉप एकदम बंद पडू नये म्हणून बरीच मॉडेल्स स्वतःहून वेग कमी ठेवतात. म्हणून दुरुस्तीवाल्याला आधीच विचारा, "हे मॉडेल बॅटरीशिवाय चालतं का?" आणि दुकानातच सुरू करून बघा.

अजून एक गंमत. बॅटरीशिवाय वापरताना रोज तारीख-वेळ चुकीची दिसू लागली आणि वेबसाइट उघडताना सुरक्षेचे इशारे येऊ लागले, तर व्हायरस समजून घाबरू नका. लॅपटॉपमधलं घड्याळ चालवणारा नाण्यासारखा छोटा सेल संपलेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. काही पातळ मॉडेल्समध्ये हे घड्याळसुद्धा मुख्य बॅटरीवरच चालतं, तिथे दर वेळी तारीख नीट करून घ्यावी लागते.

लाइट गेली की सगळं गेलं

बॅटरी काढलेला लॅपटॉप म्हणजे व्यवहारात डेस्कटॉप. लाइट गेली की स्क्रीन काळी. दुसऱ्याच आठवड्यात मावशीच्या क्लासमध्ये समीकरण सोडवता सोडवता लाइट गेली आणि तासाभरापूर्वीपासून बनवत आणलेली प्रश्नपत्रिका गेली. मुलं खूश, मावशी हैराण.

त्या दिवशी मी तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.

एक, आपोआप सेव्ह होणाऱ्या ठिकाणी काम करा. गुगल डॉक्समध्ये नेट चालू असताना लिहिलेलं लगेच साठवलं जातं. वर्ड वापरत असाल तर सेव्हच्या सेटिंगमध्ये जा. तिथे "ऑटो-रिकव्हर" सहसा १० मिनिटांवर असतं, ते १ किंवा २ मिनिटांवर आणा. आणि कंट्रोल-एसची सवय बोटांना लावा.

दोन, झाकण मिटून लॅपटॉप "स्लीप"मध्ये ठेवू नका. स्लीपमध्ये तुमचं उघडं काम मेमरीत असतं आणि त्या मेमरीला सतत वीज लागते. बॅटरी नाही आणि लाइट गेली, की तेही गेलं. काम संपलं की शट डाउन करा किंवा "हायबरनेट" वापरा. हायबरनेटमध्ये काम डिस्कवर उतरवलं जातं, त्यामुळे वीज गेली तरी ते राहतं.

तीन, विंडोजचं मोठं अपडेट अशा वेळी करा जेव्हा लाइट जाण्याची शक्यता कमी असते. पावसाळी संध्याकाळी तर नकोच. अपडेट अर्ध्यात तुटलं तर लॅपटॉप सुरू होताना अडकू शकतो. बायोसचं अपडेट बॅटरीशिवाय करायचंच नाही. अनेक लॅपटॉप ते करूही देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

चार, शक्य असेल तर छोटा यूपीएस घ्या. डेस्कटॉपसाठी मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस लॅपटॉपला भरपूर होतो. लॅपटॉप ओढतो ३० ते ६५ वॅट, त्यामुळे नवा यूपीएस अर्धा तास तरी सहज काढून देतो. वायफायचा राउटरही त्यालाच जोडा, नाहीतर लॅपटॉप चालू आणि नेट गुल. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर "यूपीएस मोड"चा खटका आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षणाचा खंड पडतो, तेवढ्यातही बॅटरी नसलेला लॅपटॉप बंद पडू शकतो. यूपीएस मोडमध्ये तो खंड खूप कमी असतो.

पाच, वायर सांभाळा. चार्जरची पिन सैल असेल, हललं की बंद पडत असेल, तर आधी ती दुरुस्त करा. सैल जोडणीत ठिणगी पडते आणि पिन तापते. वायर चालण्याच्या वाटेतून नेऊ नका.

सगळा भार चार्जरवर

बॅटरी नसली की चार्जर हाच लॅपटॉपचा एकमेव आधार. त्यामुळे इथे काटकसर नको.

चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत "आउटपुट" लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. दोन्हीचा गुणाकार केला की वॅट मिळतात, इथे सुमारे ६५. पर्यायी चार्जर घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिन अगदी तीच हवी. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते, तिच्यामुळे लॅपटॉप चार्जरला ओळखतो. ओळख पटली नाही तर तो मंद चालतो आणि बॅटरी चार्ज करत नाही.

चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. भारतात लॅपटॉपचे चार्जर विकायला ही नोंदणी सक्तीची आहे. सरकारच्या "बीआयएस केअर" या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की तो खरा आहे का हे दुकानात उभ्या उभ्या कळतं.

आणि ती तिसरी पिन! धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या आल्यासारखं झिणझिणतं, असा अनुभव बऱ्याच जणांना असेल. चार्जरमधून गळणारा अगदी किरकोळ प्रवाह जमिनीत जायला अर्थिंग हवं, ते मिळत नाही म्हणून हे होतं. तीन पिनांची वायर असेल तर ती तीन पिनांच्याच सॉकेटमध्ये लावा. तिसरी पिन तोडू नका, दोन पिनांचा जुगाडू अ‍ॅडाप्टर लावू नका. तीन पिनांवरही झिणझिणत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. आणि झिणझिणण्याऐवजी झटका बसला, तर तो चार्जर त्याच क्षणी बाद.

नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं लॅपटॉपचं नाव पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. व्होल्टेज जुळवा. जुन्यावर १०.८ आणि नव्यावर ११.१ दिसलं तर गोंधळू नका. दोन्हीत तीन सेल असतात, फक्त एका सेलचे ३.६ धरायचे की ३.७ एवढाच फरक. पण ११.१ च्या जागी १४.८ मात्र चालणार नाही. दुकानदाराकडून बिल आणि वॉरंटी घ्या. "जुन्या बॅटरीचे सेल बदलून देतो, निम्म्या पैशात" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा.

काढलेली बॅटरी चांगली असेल आणि जपून ठेवायची असेल, तर निम्मी चार्ज करून, धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. विमानाने गावी जाणार असाल तर सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या सामानातच न्यावी लागते. आणि फुगलेली किंवा खराब झालेली बॅटरी विमानात न्यायचीच नाही.

जुनी बॅटरी टाकायची कुठे

कचऱ्याच्या डब्यात नाही. बॅटरीवर चाकाच्या कचराकुंडीवर फुली मारलेलं चित्र असतं, त्याचा अर्थ तोच. कचरा गाडीत दाबला जातो, बॅटरी चेपते आणि गाडीला आग लागू शकते. त्या गाडीवर काम करणारा माणूसही कुणाचा तरी बाबा असतो, हे लक्षात असू द्या. भंगारवाल्यालाही देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी आपल्यावर. नवी बॅटरी घेता तिथेच जुनी जमा करा किंवा शहरातल्या नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

तर मंडळी…

मावशीच्या लॅपटॉपमध्ये आता नवी बॅटरी आहे, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतं आणि शब्दकोश पुन्हा कपाटात गेलाय. परवा फोनवर म्हणाली, "तू ओरडलीस तेव्हा मला रागच आला होता गं. पण दुरुस्तीवाल्याने ती बॅटरी दाखवली, उशीसारखी टम्म! तेव्हा पोटात गोळा आला."

आज रात्री जेवणं झाली की घरातला जुना लॅपटॉप बंद करून टेबलावर ठेवा आणि एका बोटाने त्याचा कोपरा दाबून बघा. डुगडुगला नाही, तर अजून दोन-तीन वर्षं मजेत वापरा. डुगडुगला, तर त्यावर शब्दकोश ठेवू नका! आणि हो, आई-बाबा किंवा आजी-आजोबा दुसऱ्या गावी राहत असतील तर त्यांना फोन करून तेवढं एकदा बघायला सांगा. टचपॅड जड झालाय हे ते तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत. तेवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, म्हणून गप्प बसतील.

भेटू पुढच्या वेळी, घरातल्याच एखाद्या नव्या यंत्रासोबत. तोवर सांभाळून राहा!